पाठमोरे मामंजी

पुण्याहून दिराचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलं होतं. फोन संपेपर्यंत ते उतू जाऊन थंडही झालं होतं, इतका वेळ तो बोलत होता. मामंजींची एकसष्टी दोन महिन्यांवर आली होती आणि त्याच्या डोक्यात कल्पना आली होती.

"वहिनी, आप्पांच्या आयुष्यावर एक फिल्म करायची. पडद्यावर दाखवायची, जेवणाआधी. हल्ली सगळे करतात."

"करणार कोण?"

"तुम्ही. तुमचा कॉम्प्युटरचा कोर्स झालाय ना."

माझा कोर्स तीन महिन्यांचा होता, तोही लग्नाआधीचा. त्यात मी एक रजेचा अर्ज टाइप केला होता आणि माउसने एक झोपडी काढली होती. झोपडीमागे सूर्य. एवढ्या भांडवलावर मी हो म्हणाले, कारण नाही म्हणायला नवी सून घाबरते, आणि मी तिसऱ्या वर्षीही स्वतःला नवीनच समजत होते.

मामंजींचं सिरसाळ्यात भांड्यांचं दुकान होतं. पितळी हंडे, तांब्याच्या घागरी, स्टीलचे डबे, आणि भांड्यावर नाव कोरायचं एक मशीन, जे सुरू झालं की अख्ख्या ओळीतल्या दुकानदारांचे दात शिवशिवायचे. गाव त्यांना आप्पा म्हणायचं. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, टोपी आणि खांद्यावर रुमाल, असा त्यांचा बारमाही वेष होता. बोलणं कमी. फिल्मची गोष्ट त्यांच्यापासून लपवायची असं ठरलं. ते सोपं गेलं, कारण घरात काय चाललंय हे ते कधी विचारतच नसत.

फिल्म करायची तर त्यांचं चित्रण पाहिजे. मी आमच्या लग्नाच्या तीन डीव्हीडी काढल्या आणि सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, शेजारी बसवून तिन्ही पाहिल्या. मामंजी कुठेच नाहीत. मुलाच्या लग्नात मुलाचा बाप नाही. माझ्या माहेरचे मामा, काका दिसले, अगदी घोड्याचा मालकसुद्धा तीनदा दिसला. तिसऱ्या डीव्हीडीत सगळ्यांच्या फोटोसाठी "आप्पांना बोलवा" असं कुणीतरी ओरडतं, आणि ते यायच्या आत कॅमेऱ्याची बॅटरी संपते.

"कुठं होते मामंजी?" मी विचारलं.

"आहेराच्या खोलीत," आत्याबाई म्हणाल्या. "भांडी बघत."

कुठल्याही लग्नात ते हेच करत. अक्षता पडल्या की मांडलेल्या आहेराकडे जायचं, एकेक भांडं उलटं करायचं, बुडाला टिचकी मारायची, कान लावायचा, आणि ते आपल्या दुकानातलं आहे की बीडहून आणलंय ते ठरवायचं. बाकी लग्नाशी त्यांना काही देणंघेणं नसे.

त्यावरून आत्याबाईंनाच सुचलं. "घरच्या लग्नात न्हाई दिसले, पर लोकांच्या लग्नात दिसतेत की. मागं कुठं तरी उभेच असतेत."

त्या वर्षांत लग्न झालेल्या प्रत्येक घरी टीव्हीच्या शेजारी डीव्हीडीचं पाकीट उभं असायचं. वर नवरानवरीचा फोटो, मागे बर्फाचे डोंगर. आम्ही दोघी एसटीने निघालो आणि नातेवाइकांच्या घरी जाऊन ती पाकिटं मागायला लागलो. मागणं सोपं होतं. मिळवणं अवघड होतं, कारण प्रत्येकाची अट होती.

दिंद्रुडच्या मावससासूबाई म्हणाल्या, "नेता तर न्या. पर आमच्या पोरीची वरात त्यात आली पायजे."

"मावशी, फिल्म मामंजींची आहे."

"मंग मामंजींला वरातीत घाल."

वडवणीच्या घरी जावयाचा नाच घालायची अट होती. त्याने म्हणे बँडपुढे जमिनीवर पडून नाच केला होता आणि त्यासाठी घेतलेले कपडे वाया गेले होते, तर निदान चार लोकांनी बघावं. तिसऱ्या घरच्या बाईंची अट उलटी होती. त्यांच्या डीव्हीडीत त्या पाठवणीला फारच वेळ रडल्या होत्या आणि आता त्यांना ते बघवत नव्हतं. "तेवढं रडणं काढून टाक आणि मंग नेऊन वापर," असं त्यांचं म्हणणं. तयार डीव्हीडीतून काही काढता येत नाही, असं मी बराच वेळ समजावलं. शेवटी त्या म्हणाल्या, "करायचं नसंल तर तसं सांग." आणि पाकीट दिलं.

अकरा लग्नं जमली. आठवड्यातले तीन दिवस दुपारी लाइट असायची, त्या वेळात मामंजी दुकानात असत. आम्ही दोघी टीव्हीपुढे बसायचो. माझ्या हातात वही, आत्याबाईंच्या हातात रिमोट. मी लिहायचे: कुठलं लग्न, कितवं मिनिट, मामंजी काय करतात. "हंडा उलटा करून बघतात." "घागरीला टिचकी." "डब्याचं झाकण लावून बघतात, लागत नाही, परत लावतात."

काम हळू चालायचं, कारण आत्याबाई मामंजींपेक्षा इतर गोष्टी जास्त शोधायच्या. कुणाची साडी कुठल्या लग्नात पुन्हा आली हे त्यांनी तोंडपाठ केलं. चौथ्या लग्नात त्यांनी एकदम रिमोट रोखला.

"ही परात आपली हाय."

पडद्यावर एक बाई परातीत हळदीकुंकवाचं सामान घेऊन चालली होती.

"आत्याबाई, अशा पराती सगळ्यांकडे असतात."

"काठाला चेप बघ की. तुझ्या नवऱ्यानं लहानपणी पाडलीती."

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच बसने जाऊन परात घेऊन आल्या. दोन लग्नं बघायची राहिली, पण परात आली.

मग मामंजींचं एक वेगळंच रूप दिसायला लागलं. पाचव्या लग्नात ते पंगतीत वाढत होते. पाठमोरे, वाकून, हातात बादली. सहाव्यात मांडवाच्या कडेने पळत होते, रुमाल उडत होता. आठव्यात बँडवाल्यांपुढे उभे राहून हात वरखाली करत होते. मी चकित झाले. घरी हा माणूस पाण्याचा तांब्या स्वतः उचलत नव्हता.

"आत्याबाई, नक्की मामंजीच ना हे? तोंड दिसत नाही."

"चाळीस वर्षं झाली बाई. मला न्हाई कळणार?" त्या पडद्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता आणि रागही होता. "बघ कसे राबतेत लोकाच्या घरी. घरीच तेवढा हात हालत न्हाई."

मी वहीत लिहिलं: "पंगतीत वाढतात." "मदतीला धावतात." "संगीताची आवड."

डीव्हीड्या आणि वही घेऊन मी परळीच्या एका स्टुडिओवाल्याकडे गेले. पन्नाशीचा माणूस, गळ्यात कॅमेऱ्याची पट्टी, कॅमेरा नसतानाही. अकरातली सहा लग्नं त्यानेच काढली होती. स्वतःची डीव्हीडी लावली की तो हात बांधून, देवळात उभं राहावं तसा बघायचा. दुसऱ्याची लावली की बोलायला लागायचा.

"ह्यानं नवरीपेक्षा पंखाच जास्त घेतलाय. बघा. पंखा. पंखा. आता नवरी. परत पंखा."

तयार डीव्हीडीतून तुकडे काढून नवीन फिल्म करायची म्हणजे काय भानगड असते ते मला तिथे कळलं. पहिली अडचण नावांची. प्रत्येक डीव्हीडीच्या खालच्या कोपऱ्यात नवरानवरीची नावं सरकत होती, ती पुसता येत नव्हती. म्हणजे मामंजी हंडा बघतायत आणि खालून भलत्याच दोघांचं शुभमंगल चाललंय. त्याने त्यावर उपाय काढला: प्रत्येक नावावर एक गुलाब चिकटवायचा. एका लग्नात नावं वरच्या कोपऱ्यात होती आणि मामंजीही तिथेच उभे होते, तिथे गुलाबाला टोपी घातल्यासारखं दिसत होतं. ते तसंच ठेवलं.

दुसरी अडचण गाण्यांची. या अकराही डीव्हीड्यांवर आधीच गाणी चढवलेली, बोलणं कुठेच नाही. तुकडे जोडले की एका गाण्याच्या मधूनच दुसरं गाणं सुरू व्हायचं, जणू रेडिओचं बटण बाळाच्या हाती लागलंय. शेवटी सगळा आवाज काढून टाकून वरून एकच सनई लावायची ठरलं. एक डीव्हीडी इतकी ओरखडलेली होती की मामंजी टिचकी मारायला बोट उचलायचे आणि त्यांचे चौकोन चौकोन व्हायचे. स्टुडिओवाल्याने ती टूथपेस्ट लावून पुसली. मग बोट खाली आलं.

तिसरी अडचण त्याची स्वतःची हौस.

"आप्पांच्या मागं धबधबा टाकू का?"

"कावून?" मी एकदम माहेरच्या बोलीत कारण विचारलं.

"मागं काय तरी पायजे की. सगळी भांडीच दिसतेत."

धबधबा मी टाकू दिला नाही. पण दोन पांढरी कबुतरं टाकू दिली, कारण लाइट गेल्यामुळे त्याचं केलेलं काम दोनदा उडालं होतं आणि तिसऱ्यांदा करताना तो माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की काहीतरी देणं भाग होतं. अटींचंही भागवलं. वरात पाच सेकंद, जावयाचा नाच पाच सेकंद. रडणाऱ्या बाईंचं आम्ही काहीच घेतलं नाही, तेवढीच त्यांची अट पूर्ण.

निवेदन मी लिहिलं आणि मीच वाचलं. स्टुडिओवाला म्हणाला, "बातम्यावानी वाचू नका ताई, जरा मायेनं वाचा." मी मायेनं वाचलं. त्याने त्यावर घुमणारा आवाज चढवला. माझं प्रत्येक वाक्य विहिरीतून आल्यासारखं दोनदा ऐकू यायला लागलं.

एकसष्टीच्या दिवशी मंगल कार्यालय भरलं होतं. दीर आलाच नाही. कंपनीत ऐन वेळी काहीतरी निघालं, रजा नामंजूर झाली. आत्याबाई त्यावर दोन दिवस जेवल्या नव्हत्या, पण त्या दिवशी परातीत एकसष्ट दिवे लावताना त्यांचा चेहरा फुलला होता. औक्षण झालं, शाली झाल्या, भाषणं झाली. मग खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला, पडदा बांधला आणि स्टुडिओवाल्याने फिल्म सुरू केली. मामंजी पहिल्या रांगेत, हार गळ्यात. त्यांना तेव्हाच कळलं की फिल्म त्यांच्यावर आहे. त्यांनी टोपी नीट केली.

सुरुवात झकास झाली. हंडा उलटा, घागरीला टिचकी, डब्याचं झाकण. लोक खूश झाले, कारण ज्याच्या त्याच्या घरचं लग्न होतं आणि भांडं कुणाचं ते ओळखता येत होतं. कबुतरं उडाली. मग वरात आली, नाचणारा जावई आला आणि वडवणीकडची बाजू टाळ्या वाजवायला लागली.

मग पंगतीचा तुकडा आला. माझा घुमणारा आवाज म्हणाला, "शेवटच्या माणसाला स्वतःच्या हाताने वाढल्याशिवाय मामंजींनी कधी घास घेतला नाही." मामंजींनी मान वळवून मागे पाहिलं, हे कुणाबद्दल चाललंय म्हणून. मग पळण्याचा तुकडा. "कुणाच्याही हाकेला ते असे धावून जातात." मामंजी पुढे वाकले. बँडचा तुकडा आला, माझा आवाज संगीताकडे वळला, आणि मामंजी नेहमीच्या आवाजात म्हणाले,

"हा मी न्हाई."

मला वाटलं, लाजतायत. मागून एक जण म्हणाले, "आप्पा, लाजू नका."

"लाजायचं काय त्यात. मी न्हाई तो."

स्टुडिओवाल्याने घाबरून फिल्म थांबवली. पडद्यावर तो माणूस हात वर करून गोठला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

"ते मी हाय."

सगळे वळले. दारात त्या दिवसाचे आचारी उभे होते. वडवणीचे, आमच्या सगळ्या गोतावळ्यातल्या लग्नांचा स्वयंपाक त्यांच्याकडेच असायचा. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, टोपी, खांद्यावर रुमाल. कोपरापर्यंत हात जिलेबीच्या पिठाने माखलेले. सनई ऐकून बघायला आले होते.

"ते तर भात लागला होता तवाचं," ते पडद्याजवळ येत म्हणाले. "मागचं पळतानाचं. पाण्याला पळत होतो मी. आणि हे हात केलेत ते बँडवाल्यांला सांगत होतो, आधी जेवून घ्या बाबांनो, रस्सा गार होतोय."

"आणि पंगतीत?" स्टुडिओवाल्याने विचारलं. त्याला आता सगळंच नीट करून घ्यायचं होतं.

"वाढपी कमी पडले होते."

मला पडद्यामागे जाऊन बसावंसं वाटत होतं. पण लोकांना भलताच आनंद झाला होता. कुणीतरी म्हणालं, दोघांना शेजारी उभं करा. मग मामंजींचा हार काढून, दोघांना लोकांकडे पाठ करून उभं केलं. खरंच सांगते, मलाही ओळखता आलं नसतं. तीच उंची, डावा खांदा तसाच उतरलेला, टोपी तशीच मागे सरकलेली. पिठाचे हात पुढे होते म्हणून तेही दिसत नव्हते. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यांनी ठामपणे सांगितलं की उजवीकडचे आप्पा. उजवीकडचे आचारी निघाले.

मामंजी वळले ते थेट आत्याबाईंकडे. "चाळीस वर्षं संसार केला. नवऱ्याची पाठ वळखू आली न्हाई?"

"पाठीवर काय नाव कोरलंय का?" आत्याबाई म्हणाल्या.

सगळं कार्यालय हसलं. मामंजीही हसले. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचं दुःख वेगळं होतं. माझ्याकडे वाकून त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे हे बाहेर बी काहीच करत न्हाईत."

मामंजींनी फिल्म पहिल्यापासून लावायला सांगितली. मला वाटलं, आता प्रत्येक तुकड्याला चुकीची खूण होणार. तर त्यांनी पंगतीच्या तुकड्याला थांबवायला लावलं आणि आचाऱ्यांना विचारलं, "ते मागचं भगुणं कुठनं घेतलं?"

"तुमच्याकडूनच, आप्पा."

"मंग बरोबर," मामंजी म्हणाले, आणि पुढची फिल्म त्यांनी समाधानाने पाहिली. आचारीही शेजारच्या खुर्चीत बसले. दोघं मिळून भांड्यांवर बोलत राहिले. त्या नादात कढईतला घाणा काढायचा राहिला आणि त्या दिवशी पाहुण्यांनी जरा काळी जिलेबी खाल्ली. कुणी तक्रार केली नाही. उलट, शेवटी आचाऱ्यांनाही एक शाल घालायची टूम निघाली आणि ती पिठाच्या हातांवरूनच घातली गेली.

घरी आल्यावर मी मामंजींची माफी मागितली. ते म्हणाले, "वाचलंस चांगलं. लोकांला खरं वाटलं." मग टोपी काढून ठेवत म्हणाले, "मला बी मधी वाटलं." पुढच्याच महिन्यात सिरसाळ्यात एका लग्नात त्यांनी आमटीची बादली उचलली, एक पंगत वाढली, दोघांच्या सदऱ्यांवर सांडली आणि मग आहेराकडे गेले. आत्याबाईंनी ती हकीकत आठवडाभर सगळ्यांना सांगितली.

फिल्मचे पुढे दोन तुकडे झाले. मामंजींचे खरे तुकडे वेगळे काढले तर ती जेमतेम चार मिनिटं भरली, सगळी भांडी बघण्याची. ती त्यांनी एकदा पाहिली आणि एका हंड्याचं बूड पातळ आहे एवढं म्हणाले. बाकीची सगळी आचाऱ्यांनी मागून घेतली. इतकी वर्षं इतक्या लग्नांत राबून त्यांच्याकडे स्वतःचा एकही तुकडा नव्हता. स्टुडिओवाल्याने त्यांना खास पाकीट करून दिलं, वर त्यांचा फोटो, मागे धबधबा. त्याची हौस तिथे पूर्ण झाली. मी म्हटलं, निवेदन बदलून देते, त्यात सगळीकडे मामंजी मामंजी आहे. आचारी म्हणाले, "राहू द्या ताई. गोड वाटतं ऐकायला."

दिराने फोनवर विचारलं, फिल्म कशी झाली. फोन मामंजींनीच उचलला होता. "चांगली झाली," ते म्हणाले. "त्यात आचाऱ्याचं काम लई चांगलं हाय."

वर्षभराने मी वडवणीला एका लग्नात गेले होते. पंगतीत बसले होते तर एक बाई बादली घेऊन माझ्यापुढे थांबली. माझा आवाज ऐकून थांबली होती. मी शेजारणीशी काहीतरी बोलत होते.

"तुमीच का वो त्या सीडीत बोलता?" तिने विचारलं. ती आचाऱ्यांची थोरली सून होती. "आमच्या घरी रोज लावतेत. आलेल्या पावण्याला दावतेत. तुमी आमच्या मामंजींला मामंजी म्हणता, आणि एवढं गुणगान करता. आमी दोघी जावा इचारात पडलो, ही तिसरी सून कोण?"

मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. पुढच्या माणसांना वाढायचं सोडून ती बादली खाली ठेवून उभी राहिली आणि हसत सुटली. मग माझ्या पानात तीन जिलेब्या टाकल्या आणि म्हणाली, "खा जाऊबाई."